देव मानत नाही, सण मात्र सगळे करते

मा. संपादक साहेब,

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकांचं पत्र छापून आलंय. एकूण सूर असा की ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी गणपतीच्या मंडपात यायचंच कशाला, प्रसादाला पुढे आणि हात जोडायला मागे असले लोक ढोंगी, त्यांनी सणावारापासून लांब राहावं म्हणजे पावित्र्य टिकेल. पत्र सभ्य भाषेत होतं, शिवीगाळ नव्हती, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर असलं रोज येतं, आम्ही डिलीट करतो आणि गॅसवरचं दूध बघायला जातो.

मी देव मानत नाही. त्यामागे मोठी स्टोरी वगैरे काही नाही, घरात कोण आजारी पडलं आणि नवस फळला नाही असंही काही झालेलं नाही. कॉलेजात असताना हळूहळू वाटेनासं झालं आणि परत कधी वाटलं नाही, एवढंच. पण घर बेळगावच्या शहापुरातलं, कुटुंब मोठं, सासू ऐंशीच्या घरातली, त्यामुळे पाडव्याची गुढी म्हणा, ज्येष्ठात कर्नाटकी बेंदराचे मातीचे बैल म्हणा, पंचमीच्या लाह्या, गणपती-गौरी, घट, दिवाळीत पोरांचा किल्ला आणि पाडव्याला दारात शेणाचे पांडव, सगळं आमच्याकडे होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या हातून होतं. आणि मला ते आवडतं. हे शेवटचं वाक्य लोकांना पचत नाही बघा. सासूच्या धाकाने करते म्हटलं असतं तर बिचारी म्हणून सोडून दिलं असतं.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना पहिला प्रश्न हाच की सण करतं कोण? आरती दहा-पंधरा मिनिटांची. तिच्या आधी काय काय होतं ते बघायचं असेल तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीत शिरा, पाय ठेवायला जागा नसते, एका हातात केळीचे खुंट, एका हातात फळांची पिशवी, खांद्यावरची पर्स पुढे धरलेली अशा बायका त्या गर्दीतून वाट काढत असतात, त्यातल्या कोण किती मानते हे फूलवाला विचारत नाही. घरी आलं की कडबू. हरभऱ्याची डाळ बोटाने चेपली तर चेपावी पण पाण्यात विरघळू नये इतपत शिजवायची, निथळून कट बाजूला काढायचा, गूळ घालून पुरण आटवायचं, कणीक अशी मळायची की लाटताना आक्रसायला नको, मग मध्ये पुरण ठेवून अर्धी घडी आणि कडेने मुरड. ही मुरड अंगठा आणि तर्जनीत कड धरून, जरा दाबत, दुमडत दुमडत पुढे न्यायची, प्रत्येक घडी आधीच्या घडीवर अर्धी चढली पाहिजे, एखादी सैल पडली की तेलात कडबू फुटतो, पुरण बाहेर येतं आणि अख्खी कढई काळी. आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हाताला आता कंप आहे, कपातला चहा सांडतो, खरं मुरड घालताना तो कंप कुठे जातो कुणास ठाऊक. मी ती त्यांच्याकडून शिकले. माझी त्यांच्याइतकी सुबक होत नाही पण फुटत नाही.

आत्तींना माझं माहीत आहे. लग्नानंतर लवकरच मी सांगून टाकलेलं, "आत्ती, मी देव मानत न्हाई बघा, नंतर तुम्हाला दुसऱ्याकडनं कळायला नको." त्या भाजी निवडत होत्या, मानही वर केली नाही. म्हणाल्या, "तू काय मानतीस ते तुझं तू बघ. खरं गौरीला भाजी-भाकरी चुकवायची न्हाई." विषय संपला. आजपर्यंत आमच्या दोघींत यावरून भांडण नाही, भांडायला दुसरे विषय भरपूर आहेत. म्हणजे ज्या बाईने अख्खं आयुष्य उपास-तापासात काढलं तिला माझी अडचण झाली नाही आणि मंडपात खुर्चीवर बसून व्यवस्था बघणाऱ्यांना होते, याचं मला नवल वाटतं.

पावित्र्याचं म्हणाल तर सार्वजनिक गणपती मुळात फक्त भक्तीसाठी बसलाच नव्हता. 1893 ला पुण्यात टिळकांनी त्याला रस्त्यावरचं रूप दिलं ते लोक एकत्र यावेत, चार गोष्टी बोलल्या जाव्यात म्हणून. टिळकांचं आपल्या गावाशी नातं काय होतं ते बेळगावकरांना सांगायला नको, 1916 च्या एप्रिलात स्वराज्य मागणारी त्यांची होमरूल लीग इथेच सुरू झाली. त्या काळात मांडवात बसून भाषण ऐकणाऱ्या प्रत्येकाची श्रद्धा कोणी तपासून घेतली असेल असं मला तरी वाटत नाही. आणि तपासायची म्हटली तरी तपासणार कोणाची? 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक लिहून देणारे अख्ख्या देशात 33 हजारांच्या आसपास निघाले. एवढ्या मोठ्या देशात एवढेच? आमच्या गल्लीत ज्यांना देवाचं फारसं काही वाटत नाही अशी माणसं मला चांगली ठाऊक आहेत, ती सगळी वर्गणी देतात, आरतीला टाळ वाजवतात, फॉर्मवर हिंदू लिहितात आणि गप्प बसतात. त्यांना सगळ्यांना बाहेर काढलं तर विसर्जनाला गाडा ओढायला माणसं कमी पडतील.

आता आपल्या भागाचं थोडं वेगळं आहे ते बोलते. पुण्या-मुंबईत माझ्यासारखी बाई म्हणू शकते, मला नाही करायचा सण, मी नाटकाला जाते, वाचनालयात जाते, तिथे मराठी चोहीकडे आहे. इथे दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा 2024 चा कायदा, ऑफिसचे कागद कन्नडमध्ये, पोरं इंग्रजी मीडियममध्ये, मग मराठी मोठ्याने, चारचौघांत, माईकवरून कुठे ऐकू येते? मंडपात. शिवजयंतीच्या चित्ररथावर. शेजारची पोरगी, इंग्रजी शाळेतली, मराठी पेपर हातात दिला तर हेडलाईनपुढे जात नाही, तिला गल्लीच्या जिवंत देखाव्यात चार वाक्यांचं काम मिळालं तर आठवडाभर ती वाक्यं जिन्यात, गच्चीवर, आंघोळ करताना पाठ करत होती, आणि "ळ" नीट यावा म्हणून तिच्या आजोबांनी तिचा पिच्छा पुरवला. आम्ही बेळगावची मराठी माणसं सणाला इतकी धरून का असतो याचं निम्मं उत्तर देवात नाही, यात आहे. 2024 ला तर लक्ष्मीपूजन आणि बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिन दोन्ही एक नोव्हेंबरलाच आले, कित्येक घरांत सकाळी काळा शर्ट आणि संध्याकाळी नवा ड्रेस, त्याच दिवशी. त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही.

पण म्हणून सण म्हणजे फक्त आम्हा मराठी लोकांचा किल्ला आहे असंही मला म्हणायचं नाही, तसं म्हटलं की लगेच दुसऱ्याच कामाला वापरतात. आमच्या भिंतीला भिंत लागून कन्नड घर आहे. दसऱ्याला आम्ही आपट्याचं सोनं देतो, तिकडून त्या काकू बन्नीची पानं हातात ठेवून "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण", म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू, म्हणतात, होळगी म्हणजे पुरणपोळी त्यांच्याकडून येते, कडबू इकडून जातो, आणि त्यांच्या घरची शेंगापोळी आमच्यापेक्षा चांगली होते हे मी पेपरात कबूल करायला तयार आहे. सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर नावाचं गाव आहे, तिथे मुसलमानांचं घर नाही तरी अख्खं गाव मोहरम पाळतं, पंजे बसवतं, रात्रीची मिरवणूक काढतं, पिढ्यानपिढ्या. पेपरवाल्यांनी त्यावर बातम्या केल्या तेव्हा लोकांना अप्रूप वाटलं, आपल्या भागात जुन्या माणसांना विचारा, त्यांना नाही वाटायचं. त्या गावातल्या माणसांनी आधी धर्माचा दाखला दाखवा आणि मग पंजाला खांदा द्या असा नियम केला असता तर मोहरम कधीच बंद पडला असता.

आणि ज्यांनी सण-विधी नको म्हटलं त्यांचंही बघा. दरवर्षी सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, बेळगावातल्या सदाशिवनगरच्या स्मशानात काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळींच्या मानव बंधुत्व वेदिकेचा कार्यक्रम असतो, भुताखेताची भीती घालवायला लोक तिथे जमतात, भाषणं, गाणी, तिथेच जेवण, रात्री मुक्काम. चांगलाच उपक्रम आहे. आता ठरलेली तिथी आली, ठरलेली जागा आली, पंगत आली, वर्षातून एकदा भेटणारी माणसं आली, याला तुम्ही काय म्हणाल? मी तर सणच म्हणेन, आणि त्यात वाईट काय.

माझ्या विवेकवादी मित्रमंडळींनाही माझं पटत नाही, ती दुसरी बाजू. ते म्हणतात, तू नैवेद्य दाखवतेस म्हणजे त्या सगळ्या व्यवस्थेला बळ देतेस, तडजोड करतेस. त्यांचं बोलणं मी झटकून टाकत नाही, कारण आपल्या भागात "मी मानत नाही" हे वाक्य स्वस्त नाही. 2015 च्या फेब्रुवारीत उत्तरेला कोल्हापुरात कॉम्रेड पानसऱ्यांना गोळ्या घातल्या, त्याच वर्षी 30 ऑगस्टला दक्षिणेला धारवाडात कन्नड विचारवंत कलबुर्गी सरांना त्यांच्या घराच्या दारात. आम्ही मधोमध. त्या माणसांनी जी किंमत मोजली तिच्यापुढे माझे कडबू काहीच नाहीत, हे मला समजतं. म्हणून एक गोष्ट मी पाळते, खोटं बोलत नाही. लेकीने लहानपणी विचारलं, नागोबा दूध पितो का, तर सांगितलं की पीत नाही, सापाला दूध पचत नाही, आपण चित्राला हळदी-कुंकू वाहू, लाह्या खाऊ, झोक्यावर बसू आणि दूध तू पी. ती झोक्यावर बसली. कोणी सरळ विचारलं तर सरळ सांगते. न विचारता मात्र भर पंगतीत उभं राहून भाषण देत नाही, ते काम करणारे दुसरे आहेत.

तडजोड कुठे अवघड होते तेही सांगते. सासरे गेले तेव्हा रक्षाविसर्जनाच्या दिवशी नैवेद्य मांडला, त्यांना आवडायचं ते सगळं, झुणका, भाकरी, वर एक पानाचा विडा, आणि कावळा काही शिवेना. ऊन चढलं. मला पक्कं ठाऊक की कावळ्याचा आणि माणसाच्या इच्छेचा काही संबंध नाही, तिथे एवढी माणसं उभी, कावळा खाली उतरेल कशाला. खरं एकेक जण पुढे होऊन बोलायला लागला, "अण्णा, नातवाच्या शिक्षणाचं मी बघतो", "अण्णा, आईला एकटं सोडत नाही", आणि मग धाकटे दीर, ज्यांचं भावाबरोबर जागेवरून कोर्टापर्यंत गेलेलं, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, केस मी मागं घेतो." कावळा त्यानंतरही बराच वेळ आला नाही, शेवटी भटजींनीच काहीतरी मार्ग काढला, खरं केस मागे घेतली ती घेतली. आता माझ्या मित्रांनी सांगावं, मी तिथे काय करायला हवं होतं? कावळ्याचं शास्त्र सांगायला हवं होतं? मी आत्तींचा हात धरून उभी राहिले आणि माझ्या मते बरोबर केलं.

असं असलं तरी जे चालत आलंय ते सगळं चालवायचं असं मुळीच नाही. माझ्या घरात मी काही गोष्टी बंद केल्यात आणि भांडून बंद केल्यात. हळदी-कुंकवाला विधवा बाईला वगळायचं नाही, ही पहिली. पहिल्या वर्षी दोघी-तिघी कुजबुजल्या, एक उठून गेली, पुढच्या वर्षी ती परत आली कारण आमच्याकडचा चिवडा चांगला असतो. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठरावच केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, जोडवी-मंगळसूत्र काढायचं नाही, आणि त्या ठरावावरून पुढे महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढलं. हेरवाड आपल्या हद्दीला चिकटून आहे, तिथल्या लोकांनी गणपती बसवायचं काही सोडलेलं नाही.

दुसरं सोवळं. कोणी कशाला शिवायचं नाही असलं काही आमच्या स्वयंपाकघरात नाही, पाळी आली म्हणून सुनेला बाजूला बसवायचं नाही. तिसरं नवस, मी बोलत नाही आणि माझ्या वतीने कोणी बोललेलं मी फेडत नाही. सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या दर्शनाला आत्तींना घेऊन जाते, डोंगरावर "उदे गं आई उदे" चा गजर सुरू झाला की अंगावर काटा येतो, देव मानत नसले तरी येतो, खोटं कशाला सांगू. त्याच डोंगराच्या नावाने पोरी देवदासी म्हणून सोडायची चाल होती, 1982 साली कर्नाटकाने कायदा करून तिच्यावर बंदी घातली, आणि त्या बायकांचं म्हातारपण कसं जातं ते आपल्या जिल्ह्यात डोळ्यांनी दिसतं. यल्लम्माला मानणाऱ्या कितीतरी घरांनी ती चाल सोडली, यल्लम्मा सोडली नाही. म्हणजे चाळण लावायचं काम फक्त आम्ही न मानणारे करतो असं नाही, मानणारे आमच्या आधीपासून करत आलेत.

आणि यात्रा. माझं माहेर बेळगाव तालुक्यातलं, गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा येते. आधी वार पाळणूक, शेतात काम बंद, मग रथ, भंडारा असा उधळतात की रस्ता, झाडं, माणसं, कुत्री सगळी पिवळी होतात आणि पुढे महिनाभर कपाटाच्या फटीतून हळद निघत राहते. मी दरवेळी जाते आणि नाचतेसुद्धा. खरं त्या यात्रेच्या जेवणावळीसाठी घरटी जो खर्च होतो, मटण, पाहुणे, आहेर, मांडव, घराला रंग, त्यापायी सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण, आणि वर "शेजाऱ्याने एवढे पाहुणे बोलावले मग आपण कमी का", हे मला बघवत नाही. माझ्या भावाने मागच्या यात्रेला फक्त जवळचे पाहुणे बोलावले आणि तसं फोन करून सगळ्यांना आधी सांगितलं. देवी कोपली नाही, दोन मावश्या मात्र कोपल्या. वडगावच्या मंगाईच्या यात्रेत कोंबडीची जिवंत पिल्लं देवळावर उडवतात तेही बंद व्हायला पाहिजे असं माझं मत आहे, त्यातली किती पायाखाली जातात ते तिथे उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि हे म्हणायला नास्तिक असावं लागत नाही.

त्या गृहस्थांना पावित्र्याची एवढी काळजी असेल तर आपण दोघांनी मिळून एक करता येईल. कपिलेश्वरच्या तलावापर्यंत जाणारी विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चालू असते, त्याचं मला काही नाही, आमच्या गावची ती रीत आहे, मी स्वतः पहाटेपर्यंत जागते. खरं त्यात टाळ-झांज-लेझीम किती आणि डीजेच्या भिंती किती? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत, रहिवासी भागात रात्री 45 डेसिबल, रात्री दहानंतर स्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस सरकारला बारापर्यंत सूट देता येते. आमच्या गल्लीत त्या भिंतीसमोरून जाताना आत्तींना छातीत धडधडायला लागलं म्हणून खुर्ची उचलून मागच्या बोळात न्यावी लागली. ज्या बाईने अख्खं आयुष्य त्या गणपतीला हात जोडले तिला विसर्जन बघता आलं नाही. तिला लांब कोणी केलं? मी तर केलं नाही.

तेव्हा माझ्या श्रद्धेची चौकशी बाजूला ठेवून त्यांनी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडावा, मी आमच्या मंडळात मांडणार आहे, दिवाळीनंतर पंचमंडळी बसतील तेव्हा. दुसरा विषय, वर्गणीचा हिशेब मंडपाबाहेर बोर्डावर लावावा, डीजेला किती, मूर्तीला किती, महाप्रसादाला किती, सगळं. माझ्याकडे दरवर्षीची पावती आहे, त्यामुळे विचारायचा हक्क आहे, आणि पावती फाडताना अजून तरी कोणी मला विचारलं नाही की वहिनी तुम्ही देव मानता का.

आपली,
एक वाचक
शहापूर, बेळगाव